गुडघाभर समुद्र

पस्तीस वर्षं मी खडकवासल्याला लाटा केल्या.
नोकरीच ती होती.
पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये सिमेंटचा किनारा,
मुठीएवढ्या दगडांचा बंधारा,
एका टोकाला फळी हलवणारं यंत्र
आणि गुडघाभर समुद्र.
गमबूट घालून त्यात उभं राहायचं,
लाट कुठे फुटते ते वहीत लिहायचं,
सव्वापाचच्या बसने घरी.

खरा समुद्र म्हणजे बिघडलेलं मॉडेल,
असं आमचे टिळेकरसाहेब म्हणायचे.

सुट्टी म्हणजे तेव्हा डोंगर.
पाठीवर सॅक, फडक्यात भाकरी,
रात्री तोरणा, उजाडता राजगडाची वाट.
आणि जहाजावर सुट्टीला जाणाऱ्यांना
मी आणि श्रीपाद ढमढेरे
‘तरंगती पंगत’ म्हणायचो.
चालायचं नाही, दमायचं नाही,
नुसतं खायचं आणि पाणी बघायचं!
पाणी तर मी पगार घेऊन बघतो.

मग गुडघा बदलला. डावा.
मुलीने तिकिटं काढली, मला न विचारता.
पहिल्या वेळी चारही दिवस मी तोंड पाडून होतो.
जेवणाच्या रांगेत कोथरूडच्या एक बाई भेटल्या,
त्यांनी डबीतून लसणाची चटणी आणली होती.
ती नसती तर मी पोहत परत आलो असतो.

दुसऱ्या वेळी म्हटलं, कुमुदला आवडतं म्हणून.
तिसऱ्या वेळी कारण सापडेना.
आता बँकेतल्या आरडीला नाव दिलंय ‘बोट’,
पासबुकाच्या कव्हरवर, पेन्सिलीने.

काय आवडतं ते नीट सांगता येत नाही.
बॅग एकदाच उघडायची, हे आहे.
रात्री झोपावं आणि सकाळी गाव आपण होऊन
दूधवाल्यासारखं दाराशी उभं, हेही आहे.
कठडे सगळीकडे आहेत.
तरुणपणी मला कठडे दिसायचेच नाहीत.

पण खरी गोष्ट अशी,
की बंदर आलं की सगळे उतरतात.
कुमुदही उतरते, टोपी घालून, झपाझप.
मी उतरत नाही.
रिकाम्या जहाजावर आम्ही सात-आठ जण उरतो,
काठीवाले, व्हीलचेअरवाले, एक नुसतेच झोपलेले.
खुर्च्या हव्या तेवढ्या.
तलावात पोहायला कुणी नाही, पाणी मात्र
अजून हेलकावतंय, सवयीने.
कुठे पोचायचं नाही.
डोंगरमाथ्यावर हे असं पाच मिनिटं वाटायचं,
मग उतरायची चिंता.

यंदा एका बंदरात शिरताना
बंधारा ओळखीचा वाटला.
अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा, मधली शेड.
टोकाशी तो किंचित वळतो ना,
ते वळण आम्ही अकरा वेळा मोडून घातलं होतं.
अकराव्या वेळी आतलं पाणी निवलं
आणि साहेबांनी सगळ्यांना भेळ दिली.
नवव्या डेकवरून खाली पाहिलं:
मुठीएवढे दगड.
गुडघाभर समुद्र.
लाट नेमकी तिथेच फुटत होती.
वहीसाठी हात खिशात गेला,
खिशात चष्म्याचं घर आणि कुमुदच्या गोळ्या.

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगावंसं वाटलं.
तो झोपलेला, तोच होता.

घरी येऊन आता पाच दिवस झाले.
सिंहगड रोडवर टँकर उलटा सोसायटीत शिरतोय,
वॉचमन हात हलवून म्हणतोय, येऊ द्या, येऊ द्या,
अजून, अजून, बास.
पलंग रात्री थोडा डुलतो अजून.
डॉक्टर म्हणाले, होतं असं, जाईल आठवड्यात,
गोळी देऊ का?
नको म्हटलं.